सासरेबुवांचं स्वावलंबन

४ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

कपडे वाळत घालता घालता हिने सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णांना आपल्याकडेच आणलं तर?

अण्णा म्हणजे हिचे वडील. माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. कोर्टात स्टेनो होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं, त्यामुळे स्वतःचं असं काही बोलायचं उरलं नसावं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आमच्यात 'काय, बरं आहे ना?' आणि 'हो, तुमचं?' यापलीकडे चर्चा गेलेली नाही. माणूस चांगला. पण दोन बस बदलण्याच्या अंतरावर जास्त चांगला.

आणायचं तर ठेवायचं कुठे? आतली खोली. पण ती माझी अभ्यासिका आहे. सध्या तिथे इस्त्रीला द्यायचे कपडे, एक बंद पडलेला पंखा (आमच्याच कंपनीचा) आणि मी आहे. अभ्यास नाही. तो कधीही सुरू होऊ शकतो.

मी नाही म्हटलं नाही. शहाणा नवरा नाही म्हणत नाही. 'बघू' म्हणालो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

योजना सुचली. सासरेबुवांना स्वावलंबी करायचं! एकदा आत्मविश्वास आला की तेच म्हणतील, मी आपला इथेच बरा. कुणाचं मन दुखावणार नाही. खोली वाचेल.

आजपासून ही रोजनिशी म्हणजे प्रकल्पाची नोंद. मी पंख्यांच्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. मी प्लॅन केलेली गोष्ट आजवर माझ्या टेबलावर कधी बिघडलेली नाही. बिघडते ती पुढे, प्रॉडक्शनमध्ये.

स्वावलंबी नेमकं कसं करायचं ते ठरायचं आहे. पण मुख्य काम झालं.

७ ऑक्टोबर, बुधवार

शेजारच्या टेबलावरचा कॉस्टिंगवाला एक कॉम्प्युटर गेम खेळतो. आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच पुराण. म्हणे त्यात पॉइंट नाहीत, शत्रू मारायचे नाहीत, घड्याळ नाही. रिकाम्या हातांनी रानात सोडून देतात, मग आपलं आपण जगायचं. दगड घासून सुरी करायची, माती मळून मडकं. कालची अख्खी संध्याकाळ एक मडकं भाजण्यात गेली म्हणाला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू मुलगी बोर्डात आली.

मी पोट धरून हसलो. मग हसता हसता डोक्यात वीज चमकली. रिकामे हात, एकटेपणा, आपलं आपण जगणं... हे तर तयार ट्रेनिंग आहे!

घरी येऊन हिला सांगितलं की मी अण्णांना कॉम्प्युटरवर एक गेम शिकवणार आहे. नाव सांगितलं. ही एकदम माझ्याकडे बघायला लागली. मग 'हो का? शिकव, शिकव' म्हणाली आणि पाठ फिरवून सिंककडे गेली. खांदे हलत होते. बापाचा विषय निघाला की बायका हळव्या होतात.

११ ऑक्टोबर, रविवार

पहिला धडा. मी अभ्यासिकेत, अण्णा त्यांच्या घरी, दोघांच्या कानाला हेडफोन. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे ही चांगली गोष्ट. बातम्या वाचत असतील. आधी अर्धा तास त्यांना माउस म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. त्यावरून कितपत समजलं असेल ते लक्षात आलं.

मग आम्ही दोघं एका माळावर उभे राहिलो. गवत, लांबवर झाडं, वारा. अण्णा म्हणाले, छान आहे हो. मी म्हटलं, छान बघायला आलो नाही, आधी लाकूड. मी झाडाला मुठीने मारायला सुरुवात केली. बराच वेळ. झाड पडलं नाही. एक एडका आला आणि त्याने मला मागून धडक दिली. मी मेलो.

या खेळात मेलं की सुरुवातीच्या जागी पुन्हा उभं राहायचं, सामान मात्र पडलं तिथेच. माझ्याकडे सामान नव्हतंच. अण्णांना सांगितलं की हे मुद्दाम केलं, धोका कसा असतो ते दाखवायला. ते म्हणाले, चांगलं दाखवलंत.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात तक्ता केला. पहिला आठवडा: घर. दुसरा: धातू. तिसरा: घोडा. कॉस्टिंगवाला म्हणाला, घोडा विसर, हिवाळ्याआधी धान्य साठव. त्याला प्लॅनिंगमधलं काय कळतंय?

१८ ऑक्टोबर, रविवार

घर झालं! गवताच्या भिंती, गवताचं छप्पर. अण्णा बोरं वेचत हिंडत होते, तोवर मी एकट्याने उभारलं. आत शेकोटीची जागा केली. अण्णांनी विचारलं, जावईबापू, गवताच्या घरात शेकोटी चालते का हो?

किती हे अज्ञान! पण कुतूहल आहे, म्हणजे आशा आहे. मी त्यांना उबेचं महत्त्व समजावून सांगितलं आणि शेकोटी पेटवली.

जागा चुकीची होती. उद्या दुसरी बघू.

२१ ऑक्टोबर, बुधवार

आज तीनदा मेलो. पैकी दोनदा इलाज नव्हता.

लांडगे मागे लागले तेव्हा अण्णा नदीच्या पलीकडे निवांत उभे. तिथून विचारतायत, लांडगे पोहतात का हो? मी पळतोय जीव घेऊन, आणि यांना प्राणिशास्त्र सुचतंय. मी म्हटलं, अण्णा, ही वेळ आहे का? तेवढ्यात लांडग्यांनी गाठलं.

पण नंतर कमाल झाली. सामान आणायला परत गेलो तर वाटेत वेताची टोपली. आत चार पाव. अहो, रानात पाव! अण्णांना सांगितलं. म्हणाले, असेल बुवा, ठेवला असेल कुणीतरी. मी त्यांना समजावलं की हा गेम खेळाडूतला नेता ओळखतो आणि त्याला बक्षीस देतो. अण्णा म्हणाले, खाऊन घ्या, गार होईल.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज प्रगती शून्य.

म्हणजे असं, की मडकी भाजायला ठेवली. खड्डा, त्यात मडकी, वर गवत आणि लाकडं. पेटवून दिलं की मग काही करता येत नाही. नुसतं थांबायचं. मी तक्ता उघडला, पण रकान्यात भरायला काही नव्हतं. पाऊस यायला लागला, गेममध्ये. छपराखाली बसलो दोघं. धूर वर जात होता. लांब डोंगराच्या मागे ऊन होतं.

अण्णा आपण होऊन बोलले. म्हणाले, कोर्टात साक्षीदार बोलता बोलता अडखळायचा, तेव्हा मी पेन उचलून थांबायचो. सगळं कोर्ट थांबायचं. वकील चुळबुळ करायचे. मला ते थांबणं आवडायचं. माणूस त्यात खरा दिसतो. मग म्हणाले, हिची आई गेल्यावर घरात नुसतं तेवढंच उरलं, थांबणं. पुढे त्याचीही सवय झाली. आता बरं वाटतं.

मी 'हं' म्हणालो. हा त्यांचा शब्द, पण माझ्या तोंडून निघाला.

मडकी झाली तेव्हा ही जेवायला हाका मारत होती. दोन फुटली, एक चांगलं निघालं. जेवतानाही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. वाकडं आहे जरा, पण माझं आहे.

वेळ वाया गेला. नोंद करून ठेवतो.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

हिच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बढतीची संधी आली आहे. त्यासाठी सहा आठवडे ट्रेनिंगला बाहेरगावी जावं लागेल, डिसेंबरच्या मध्यापासून. ही दोन दिवस हो-नाही करतेय. आज विचारलं तर म्हणाली, घरात एकटं माणूस सहा आठवडे कसं राहणार, याचीच काळजी आहे.

लेकीचं काळीज! लांब गेली तर अण्णांकडे कोण बघणार, हा घोर. मी तिला धीर दिला. म्हटलं, बिनधास्त जा. मी तयारी करून घेतोय. तोवर तो माणूस कुणाच्याही आधाराशिवाय राहील.

ही म्हणाली, कोण माणूस?

मी नुसता हसलो. सगळं आधीच सांगायचं नसतं.

८ नोव्हेंबर, रविवार

तक्त्यात किरकोळ बदल: घोडा रद्द. त्याऐवजी मनोरा. उंच मनोरा असला की शत्रू लांबून दिसतो. अण्णांनी विचारलं, शत्रू कोण? मी म्हटलं, तोच तर बघायचाय.

अण्णा अधूनमधून नदीपलीकडे जातात. नुसते फिरायला, म्हणतात. मधमाश्या बघतो म्हणतात. मी परवानगी दिली आहे. या वयात फार ताण नको.

मग त्यांनी आणखी एक विचारलं, हिवाळ्यात झुडपांना बोरं लागतात का हो? मी म्हटलं, अण्णा, तुम्ही काळजी फार करता. झुडपं कुठे जातायत?

१४ नोव्हेंबर, शनिवार

ही ट्रेनिंगची जागा बघायला दोन दिवस गेली आहे. घरी मी एकटा. जाताना तीन-तीनदा विचारलं, राहशील ना? मी म्हटलं, ज्याने लांडग्यांशी सामना केला त्याला हा प्रश्न?

त्याच दिवशी, दुपार

वरच्या मजल्यावरून, मागून घेतलेल्या कागदावर लिहितोय.

झालं ते एवढंच. अंडी उकडत ठेवली. तेवढ्यात भट्टीतली मडकी झाली का ते बघावं म्हणून खेळायला बसलो. मग मनोऱ्याची एक पायरी राहिली होती. मग दुसरी. स्वयंपाकघरातून गोळी झाडल्यासारखा आवाज आला. पाणी आटून अंडी फुटली होती. एक छताला. धूर बाहेर जावा म्हणून पुढचं दार उघडलं, जरा मोकळी हवा घ्यायला बाहेर पडलो, आणि दार मागे लागलं. किल्ली आत. फोन आत. गॅसही आत, चालू.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी कुलूपवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत त्यांनी मला वाटीभर सूप दिलं आणि बसायला स्टूल. म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना फोन करू का, गावातच असतात ना? मी कडक शब्दांत नको म्हटलं. ट्रेनिंग देणाऱ्याला या अवस्थेत बघितलं तर शिकणाऱ्याचं धैर्य खचतं.

बाईंनी हिला फोन केला. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

एकूण: प्रसंगावधान चांगलं. पातेलं गेलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

ही परत आली. पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिली. छताकडेही. मग आतल्या खोलीत जाऊन, दार लावून, अण्णांशी फोनवर बोलत बसली. कान दिला तर फक्त 'नाही हो, अजिबात नाही जमणार' एवढं ऐकू आलं. बिचारीचा वडिलांवर विश्वास बसत नाहीये.

ट्रेनिंगचा वेग वाढवला पाहिजे.

२२ नोव्हेंबर, रविवार

हिवाळा लागला. गेममध्ये. बर्फ. मनोरा पूर्ण झाला. वर चढून चारी बाजूंना बघितलं. सगळं पांढरं. खायला काहीही दिसत नाही, हे मनोऱ्यावरून अगदी स्पष्ट दिसतं.

झुडपं आहेत. त्यांना बोरं नाहीत.

२५ नोव्हेंबर, बुधवार

उपासमारीने मेलो. पुन्हा उभा राहिलो. थंडीने मेलो. पुन्हा उभा राहिलो. टोपली शोधली, दिसली नाही. या गेमला माणसांची पारख राहिली नाही.

ऑफिसात कॉस्टिंगवाल्याने विचारलं, हिवाळ्यासाठी तळघरात किती धान्य भरलंय? मी विषय बदलला.

२९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

अण्णा गेममध्ये आले, पण नदीपलीकडे. म्हटलं, अण्णा, बर्फ आहे, तुम्ही उपाशी असाल, आहात तिथेच थांबा, मी सोडवायला येतोय. ते म्हणाले, या. नदी गोठलीय, सावकाश या.

अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. म्हणजे गेममध्ये तशी सोय आहे. झाडांमागे धूर दिसला. धुराच्या रोखाने गेलो तर पुढे घर! दगडी. कौलारू. ओळीने मधमाश्यांची पोळी. मी दारातून ओरडलो, अण्णा, इथे कुणी प्राचीन लोक राहून गेलेत! अण्णा म्हणाले, हो का? बघा बुवा, आत कुणी आहे का.

आत गेलो. भिंतीला मेणाचे दिवे. तळघरात भरलेली मडकी, एकही वाकडं नाही. धान्य, वाळवलेलं मांस, मध. चुलीवर काहीतरी रटरटत होतं. आणि चुलीपाशी अण्णा. निवांत.

कोपऱ्यात दोन बिछाने होते. अण्णा म्हणाले, तो खिडकीजवळचा तुमचा. लोकर जास्त भरलीय, तुम्हाला थंडी सोसत नाही.

मी जेवलो. गेममध्ये चव लागत नाही असं म्हणतात. म्हणोत.

खूप वेळ बसलो. बाहेर बर्फ पडत होता. एकही लांडगा नाही, मला कुठे जायचं नाही. तक्ता मनात आला आणि निघून गेला.

१ डिसेंबर, मंगळवार

कॉस्टिंगवाल्याला त्या घराचं वर्णन केलं. तो खाता खाता थांबला. म्हणाला, पहिल्याच हिवाळ्यात? कौलारू? तुझ्या सासऱ्यांशी ओळख करून दे.

मी अभिमानाने म्हटलं, शेवटी शिकवलं कुणी?

६ डिसेंबर, रविवार

हिला सगळं सांगितलं. खोलीचं नाही, बाकीचं. की मी अण्णांना दोन महिन्यांत स्वावलंबी केलंय, आता ते एकटे राहू शकतात, आणायची गरज नाही.

ही खुर्चीत बसली. म्हणाली, अण्णा हा गेम दोन वर्षं खेळतायत. मीच घेऊन दिला होता, आई गेल्यावर.

मी म्हटलं, मग बोलले का नाहीत?

म्हणाली, तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास.

मी पाणी प्यायलो. मग म्हटलं, असो. मुद्दा तोच राहतो. ते स्वावलंबी आहेत.

म्हणाली, आहेतच. आणि इकडे यायला ते तयारच नव्हते. ज्या दिवशी तुला विचारलं, त्याच दुपारी त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मी तुला सांगणार होते, पण तेवढ्यात तू त्यांना शिकवायला निघालास. अण्णांना म्हटलं, शिकून घ्या थोडे दिवस, त्याला बरं वाटेल. ते म्हणाले, मलाही वाटेल, इतक्या वर्षांत जावई पहिल्यांदा बोलतोय.

नोंद: खोली वाचली. प्रकल्प यशस्वी.

१२ डिसेंबर, शनिवार

हिने ट्रेनिंगला होकार कळवला. मी मनापासून अभिनंदन केलं. म्हटलं, आता तर काळजीचं कारण उरलं नाही, एकटं माणूस छान राहील.

ही म्हणाली, राहणार नाही एकटं. मी बोललेय अण्णांशी. तुझी बॅग भरून ठेवलीय. लोकरीचे कपडे खालच्या कप्प्यात आहेत.

मी विचारलं, कुणाची बॅग?

ही नुसती हसली.

ऑफिस त्यांच्या घरापासून एकाच बसवर आहे, असंही म्हणाली. सगळ्याचा विचार केलाय. प्लॅनिंग मी करतो अशी माझी समजूत होती.

मी घरजावई या शब्दाचा उच्चार केला. ही म्हणाली, सहा आठवड्यांनी कुणी घरजावई होत नाही, घाबरू नकोस. आणि किल्ली नेऊ नकोस, अण्णा घरीच असतात.

१४ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळ

ही सकाळी गेली. मी ऑफिसातून परस्पर इकडे आलो.

अण्णांनी दार उघडलं. 'काय, बरं आहे ना?' म्हणाले. मी 'हो, तुमचं?' म्हणालो. मग दोघंही हसलो. का ते माहीत नाही.

इथल्या माझ्या खोलीत पलंग तयार होता. अण्णांनी पातेलं चढवलं, हाताशी चाकू दिला, गाजरं दाखवली. मी चिरायला लागलो. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, जावईबापू, बोट आत दुमडून धरलं तर कापत नाही का हो?

मी बोट आत दुमडलं.

तेवढ्यात समोरच्या दारातले गृहस्थ पेपर परत द्यायला आले. सेवानिवृत्त, चौकस. दारातूनच माझ्याकडे, चाकूकडे, गाजराकडे बघून विचारलं, पाहुणे का?

मी उत्तर देणार होतो. म्हणजे, सासरे वयस्कर, एकटे, म्हणून सोबतीला आलोय, असं काहीतरी. वाक्य तयार होतं. पण अण्णांनी आधीच पेपर घेतला होता.

नाही हो, ते म्हणाले. जावई आहेत. शिकायला आलेत.

गृहस्थ म्हणाले, अरे वा, किती दिवस? अण्णा म्हणाले, सहा आठवडे तर आहेत. पुढचं बघू, घाई नाही.

मी दुरुस्ती केली नाही. गाजरं बरीच राहिली होती.